साहेबांच्या वजनाचं दार

डॉक्टरांनी साहेबांचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा बाईंनी गुपचूप लायसन्स काढलं. लग्नाइतकी जुनी ती मोटार आता त्या एकट्या चालवणार होत्या. फक्त दाराखालचा गंजलेला पत्रा तेवढा बदलायचा होता.

तो कापला की गाडी मधोमध वाकते. म्हणून मिस्त्रीने आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या वेल्ड करून सांगाडा जखडला आणि मगच पत्रा बदलला. साहेब देखरेखीला हजर होतेच. ठिणग्या उडत असतानाही अंगावर गोणपाट घेऊन ते स्टिअरिंगमागे बसून सूचना सोडत राहिले.

काम संपलं, पट्ट्या निघाल्या, पण दार काही लागेना. साहेब आत बसले, तर अलगद लागलं. उतरले, की पुन्हा अडलं. हलक्या बाई बसून पाहिल्या, तरी अडलेलंच.

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "वहिनी, जखडताना साहेब आतच होते हो! त्यांच्या वजनाने गाडी वाकली, त्याच मापाने पत्रा बसला. आता ते उतरले, की चौकट सरकते."

"म्हणजे माझ्याशिवाय गाडी निघायची नाही!" साहेबांना आनंद मावेना.

त्यांचा खुललेला चेहरा बघून बाई विरघळल्या. जाऊ दे, बसू दे बिचाऱ्याला शेजारी, असं मनात आलंही.

"अगं, बघतेस काय? आरसा नीट कर आधी. आणि क्लचवर पाय ठेवून बसू नकोस…"

बाईंनी साहेबांना हाताला धरून हळूच बाजूला घेतलं.

"मिस्त्रीभाऊ, परत कापा," त्या म्हणाल्या. "या वेळी गाडी रिकामी ठेवून."