प्रतिपक्षाचं पान

"कुठून घेतलंस हे?"

कमलाकर सरांनी बोट निबंधावरून काढलं नाही. काढलं तर वाक्यं पळून जातील असं वाटत होतं बहुतेक.

"कुठून म्हंजे? भट्टीवर बसून लिवलं, सर," सोमी म्हणाली.

दावा : जे सिद्ध करायचं ते, एका वाक्यात.

सरांचा दावा असा की हा निबंध सोमी हिलमचा नाही. बारावीच्या प्रकल्पाचे वीस गुण चार वाजेपर्यंत ऑफिसात द्यायचे होते. उचललेल्या लेखनाला शून्य. लेखी परीक्षेत ती नेहमी काठावर. शून्य मिळालं तर नापास, आणि नापास झाली तर पुढच्या हंगामापासून भट्टीवर विटा थापायला कायमची. हे सरांनाही माहीत होतं.

पुरावा : ज्यावर दावा उभा राहतो.

निबंधाचा विषय तिचाच, 'भट्टीवरच्या मुलांना शाळेत ठेवावं'. पण पहिली दोन पानं मुलांना भट्टीवर सोबत नेणाऱ्या आईबापांच्या बाजूची होती, आणि ती अशी मांडलेली की वाचताना सर क्षणभर त्या बाजूला गेले. मग दचकले. वर्षातले चार महिने गैरहजर असणाऱ्या मुलीला हे जमतं?

इंग्रजीच्या रुचिरा मॅडम स्टाफरूममध्ये पलीकडे डबा खात होत्या. "सर, त्या ॲपमध्ये टाका ना. लगेच कळतं."

"टाकलं. ब्याण्णव टक्के यंत्रानं लिहिलेलं म्हणालं."

"मग झालं की."

"मग मी माझा स्वतःचा जुना लेख टाकला. त्याला पंच्याण्णव."

"तुम्ही रोबो आहात हे आम्हाला आधीच माहीत होतं, सर."

सर हसले नाहीत. त्यांनी सोमीचा मोबाइल टेबलावर ठेवून घेतला. हात पुढे करायला लावले. तळव्यांवर काही लिहिलेलं नव्हतं, नुसते घट्टे होते. मग एक कोरा कागद आणि स्वतःचं पेन पुढं सरकवून ते म्हणाले, "बस इथं. विषय घे. सरांचा संशय योग्य आहे का?"

प्रतिपक्ष : समोरच्याची बाजू. ती त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली पाहिजे.

सव्वीस वर्षं सर साहित्यातल्या आणि वादलेखनातल्या संज्ञांचा एक झेरॉक्स कागद वर्गात वाटत होते. ही संज्ञा मागच्या बाजूला होती. मुलं कागद उलटत नसत.

सोमी अर्धा तास मान खाली घालून लिहीत होती. सर तिच्या डोळ्यांकडे बघत होते, ते कुठं कुठं जातात ते. कुठंच गेले नाहीत. अर्धं पान भरल्यावर ती उठली.

"वाचा सर. ही तुमची बाजू. बरोबर हाय का सांगा."

"आणि तुझी?"

"तुमी हो म्हटल्यावर. आमच्या वाडीत भांडण झालं की दादू आजा दोगांना समोरासमोर बसवतो. आदी दुसऱ्याची बाजू बोलायची. तो हो म्हणला तर आपलं तोंड उगडायचं. नाय म्हणला तर परत पहिल्यापासून." ती थांबली. "तुमच्या कागदावर पण तेच हाय की."

सरांनी वाचलं.

'सरांनी सव्वीस वर्षं एक कागद वाटला. त्याप्रमाणे कुणी लिहिलं नाही. म्हणून आता कुणी लिहिलं तर ते त्यांना चोरलेलं वाटतं. मी मागच्या बाकावर बसते. त्यांनी मला कधी प्रश्न विचारला नाही, म्हणून माझं बोलणं त्यांनी ऐकलेलं नाही. ज्याचं बोलणं ऐकलं नाही त्याच्या लिहिण्यावर विश्वास कसा ठेवायचा? सरांचा संशय योग्य आहे. परंतु'

पुढं कोरं.

त्यांनी चूक शोधून पाहिली. पुन्हा शोधली. मॅडमचा चमचा मघापासून वाजत नव्हता.

"शेवट अपुरा आहे," ते म्हणाले.

"तुमी हो म्हणा ना, सर."

"आधी पूर्ण कर. मग बघू."

"तसं नाय येत."

फाटकाबाहेर टेम्पोनं दोनदा हॉर्न वाजवला. भट्टीवर जाणारी माणसं मागं उभी होती. सोमीनं पेनाला टोपण लावलं, ते सरांच्या बाजूला ठेवलं आणि मोबाइल उचलला.

"तो नाय थांबायचा," ती म्हणाली. टेम्पोबद्दलच असावं.

टेम्पो कळंबोलीकडं वळेपर्यंत सर खिडकीशी होते. मग त्यांनी गुणपत्रकात तिच्या नावापुढं एकोणीस लिहिलं आणि स्वतः ऑफिसात देऊन आले. रुचिरा मॅडम तोवर गेल्या होत्या.

कागद टेबलावर तसाच होता. सरांनी समासात, बारीक अक्षरात 'हो' लिहिलं.

परंतु :

मग पेपर तपासायच्या सवयीनं त्यांनी कागद उलटून पाहिला. मागंही काही नव्हतं.