प्रॉम्प्टरच्या खोपीत एर्सिलियाबाई

विश्वास तुम्ही ठेवणार नाहीच, तेव्हा आधीच सांगून टाकतो: आमच्या कास्तेलमोरोच्या ऑपेरात एकदा एक अख्खी सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीची नायिका-गायिका, माझ्या मांडीवर बसून मेली. हसू नका. बारच्या त्या कोपऱ्यात पत्ते पिसत बसलेल्या एर्सिलियाबाई दिसतात ना, त्याच.

“मांडी कसली रे, खुंटी होती ती,” बाई पत्त्यांतून मान वर न काढता म्हणाल्या.

मी नेव्हिओ, तिथला प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक खोपी, वर लाकडी टोपण. त्यातून डोकं काढून गाणाऱ्यांना पुढचे शब्द पुरवायचे. बाईंची सगळी कारकीर्द मी तिथूनच पाहिली, म्हणजे मुख्यतः पायांकडून. पोरवयात त्या खट्याळ मोलकरणी करायच्या, गळा नुसता चिमणीसारखा भिरभिरायचा. पुढे आवाजाला वजन आलं, तशा लग्नाच्या रात्री वेड लागणाऱ्या नवऱ्या आल्या, मग विष पिणाऱ्या राण्या, आणि शेवटी क्षयाने मरणारी ती नावाड्याची बायको. ती भूमिका म्हणजे बाईच! मरतानाचा तो वरचा सूर त्या असा अलगद सोडायच्या की बासरीवाला वाजवायचं विसरून रडत बसायचा.

आणि मग उगवले नवे दिग्दर्शक, जानमार्को. मिलानचे. गळ्यात रेशमी मफलर, चालणं मांजराचं. म्हणाले, “टीव्हीवाले येताहेत. क्षयाची बाई एवढी भरलेली कशी चालेल?” अरे गाढवा, क्षय नावाड्याच्या बायकोला झालाय, गाणारीला नाही! छाती भरलेली नसेल तर सूर काय बरगड्यांतून काढायचा? पण त्याने देबोरा नावाची एक काडी आणलीच. दिसायला सुरेख, आवाज म्हणाल तर मच्छरदाणीबाहेरचा डास. मग ठरलं काय, तर देबोराने वर पलंगावर ओठ हलवायचे आणि बाईंनी खाली माझ्या खोपीत बसून गायचं. जाहिरातीवर नाव देबोराचं!

“मग नाही म्हणायचं ना!” बारवाल्याचा तोरिनोहून आलेला नवा जावई उसळून म्हणाला.

“म्हटलं होतं की,” बाई म्हणाल्या. “तो म्हणाला, मग टेप लावतो. आमच्या थिएटरात टेप? त्यापेक्षा मी गटारातूनही गायले असते.”

झालं. खोपी एका माणसाची, आत दोघं. बाईंनी पहिला श्वास घेतला आणि माझी मिशी ओढली गेली ती थेट त्यांच्या नाकाशी. दुसऱ्या श्वासाला स्वरलिपीची पानं आपोआप उलटली. वर ती काडी मासोळीसारखी तोंडाची उघडझाप करतेय, नायकाचं काम करणारा टेनर तिचा हात धरून रडतोय, आणि आवाज येतोय जमिनीतून! पण आमच्या वरच्या माळ्यावर बसतं कोण? खाटीक, न्हावी, चीजवाले. अर्धा सूर घसरला तरी शिट्ट्या मारून घरी पाठवणारी मंडळी. त्यांना फसवणार हा मफलरवाला?

“मी तर पहिल्या तानेतच ओळखलं,” शेजारच्या टेबलावरून ओदोआर्दो खाटीक छाती काढून म्हणाला.

“तर!” मी म्हणालो. “तूच ओरडलास, ‘ही आमची एर्सिलिया! काढा तिला बाहेर!’ मग अख्खा माळा उठला. बाईंनी शेवटचा सूर धरला तो सोडेचनात. टेनर बाहेर जाऊन कॉफी पिऊन आला, सूर चालूच. देबोरा दमली, तिने तोंड मिटलं, तरी सूर चालूच! कॅमेरावाला बिचारा आवाज कुणाच्या तोंडात आहे ते शोधत फिरतोय. शेवटी बाई टोपण डोक्यानेच उडवून वर आल्या. जानमार्को मफलर टाकून पळाला, आणि सगळी फुलं बाईंच्या पायाशी!”

बारमध्ये टाळ्या पडल्या. जावयाने बाईंसाठी वाइन मागवली. ओदोआर्दो उठून सगळ्यांना मान तुकवू लागला.

बाईंनी पत्ते टेबलावर आपटले.

“खोटं! साफ खोटं, नेव्हिओ! मी वर आलेच नाही. पडदा पडला, दिवे गेले, तरी त्या बिळातच बसून होते. फुलं त्या पोरीने नेली. आणि तू रे ओदोआर्दो, घसा फाटेस्तोवर ओरडत होतास खरा. खालून ऐकलंय मी. ‘ब्राव्हा, देबोरा!’”