ठकीच्या पाठीवर सायकल

जावई दाराशी उभा राहून खोकला, तेव्हाच सासरेबुवांनी ओळखलं की हा काहीतरी मागायला आलाय. मागायचं असलं की तो आधी खोकायचा, मग हवापाण्याची चौकशी करायचा, मग सासूबाईंच्या गुडघ्यांची. तोवर ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग तो म्हणाला, "बाबा, उद्या ठकी मोकळी आहे का?"

ठकी म्हणजे सासरेबुवांची गाडी. जेमतेम दोन माणसं मावतील एवढी, टप मागे दुमडता येणारी, गर्द हिरव्या रंगाची, जुन्या काळातली स्पोर्ट्स कार. ती त्यांना कोंबड्यांच्या एका खुराड्यात, खरोखर कोंबड्यांच्या बुडाखाली सापडली होती. सासरेबुवांचं सगळं आयुष्य नकाशे काढण्यात गेलेलं. हात स्थिर, नजर बारीक. निवृत्त झाल्यावर ते सगळं कसब त्यांनी ठकीवर ओतलं. पत्रा ठोकून सरळ केला, इंजिन उघडून पुन्हा बसवलं, रंगाचा एकेक थर वाळवून, घासून त्यावर पुढचा थर दिला. बायको ठकीला सवत म्हणायची आणि वर म्हणायची, "माझ्या पाठीला मलम लावायचं म्हटलं की यांना झोप येते. तिची पाठ मात्र रोज चोळून देतात."

"का? कुठे जायचंय?" सासरेबुवांनी विचारलं.

उद्या डोंगरातल्या तलावापासून सायकलस्वारांची मोठी फेरी निघणार होती. जावई वर्षभर तिची तयारी करत होता. सायकल मोठ्या गाडीतून न्यायची असं ठरलेलं, पण ती गाडी घेऊन लेक ऑफिसच्या कामाला परगावी गेलेली आणि तिचं काम लांबलेलं. भाड्याच्या गाडीवाले सायकल बघितली की नाही म्हणायचे.

"ठकीत सायकल?" सासरेबुवांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"ठकीत नाही. ठकीवर." जावयाने पाठीमागे लपवलेलं खोकं पुढे केलं. "सायकल रॅक आणलाय. गाडीला काहीसुद्धा होत नाही म्हणे."

नाही म्हणायची सोय नव्हती. एकुलत्या एका लेकीचा नवरा. शिवाय माणूस इतका सज्जन की नाव ठेवायला जागा नाही, आणि सासरेबुवांची नेमकी तीच तक्रार होती. जावई दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडंच आहे आणि त्याला दुखतंय, अशा मऊ आवाजात तो सगळ्या जगाशी बोलायचा. त्याच्यावर चिडायला गेलं की आपणच खुर्चीत आडवे पडलोय असं वाटायचं.

"बघू या," सासरेबुवा म्हणाले. "काढा बाहेर, जावईबापू."

खोक्यातून निघाल्या वाकड्या नळ्या, रबराचे पाय, आणि पट्टेच पट्टे. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला आकडा. सोबतच्या कागदावर एक हसरा माणूस एका भल्यामोठ्या गाडीच्या मागे रॅक अडकवत होता. त्या गाडीच्या डिकीत ठकी आख्खी मावली असती.

पहिला खोळंबा आकड्यांचा झाला. ते डिकीच्या झाकणाच्या कडेला अडकवायचे होते. ठकीचं झाकण सासरेबुवांनी असं काही बसवलं होतं की फटीत कागद सरकवायचा तरी विचार करावा लागेल. आकडे बोटाएवढे जाड. एका बाजूने घालायला जावं तर दुसरीकडचा निसटायचा. दुसरा धरावा तर पहिला खणकन बंपरवर पडायचा. तसं खणकन वाजलं की सासरेबुवा वाकून बंपरवर बोट फिरवून बघायचे.

"सावकाश, जावईबापू."

"हो बाबा."

मग पायांचं. रॅकचे वरचे पाय डिकी ओलांडून थेट दुमडलेल्या टपात रुतायला लागले. रॅक खाली ओढला तर खालचे पाय हवेत लोंबायला लागले. जावयाने कागद उलटा धरून पाहिला. सासरेबुवांनी रॅक उलटा धरून पाहिला. दोघांनी मिळून तो आडवाही धरून पाहिला, तेव्हा खिडकीतून बायको म्हणाली, "काय बाळाला अंघोळ घालताय का?"

सासरेबुवांनी दातओठ खाल्ले.

"बाबा, दात आवळू नका," जावई काळजीने म्हणाला. "झिजतात."

त्या क्षणी रॅक त्याच्या डोक्यात घालावा असं सासरेबुवांना मनापासून वाटलं. पण म्हणाले काय, तर "बरं."

शेवटी त्यांनाच एक उपाय सुचला. ठकीच्या डिकीवर बसवायची, सामान बांधायची चकचकीत जाळी मागच्या खोलीत होती. तिच्यामुळे गाडीची पाठ कुबड आल्यासारखी दिसते म्हणून त्यांनी ती काढून ठेवली होती. तोंड वाकडं करत त्यांनी ती आणली आणि बोल्ट आवळून घट्ट बसवली. आता आकड्यांना धरायला काहीतरी मिळालं. रॅक बसला. हलवून पाहिला तर रॅकसकट सगळी ठकी हलली, म्हणजे पक्का बसला. जावयाने सायकल आणली. पिसासारखी हलकी सायकल, पण तिला उचलताना तो असा वाकला की जणू झोपलेलं मूल उचलतोय.

सायकल टांगून झाल्यावर तो खाली वाकून बघत म्हणाला, "बाबा, मागचं चाक सायलेन्सरच्या तोंडाशी येतंय. धग लागेल का?"

"ठकीला मी ओळखतो," सासरेबुवा म्हणाले. दुपार त्या रॅकपायी गेली होती. पुन्हा सगळं सोडायची त्यांच्यात ताकद नव्हती. "काही होत नाही."

"बरं," जावई म्हणाला.

आता एकच पट्टा आवळायचा राहिला होता. जावयाने टोक धरलं, सासरेबुवांनी बकल धरून जोरात ओढलं. बकल घसरलं, हात सुटला, आणि मनगटावरच्या घड्याळाची धातूची पट्टी डिकीवरून कर्रर्र करत गेली.

आवाज दोघांनीही ऐकला. हिरव्या रंगावर पांढरा, लांबलचक ओरखडा. नकाशावर नदी काढावी तसा.

"सॉरी बाबा," जावई लगेच म्हणाला. "माझ्याकडून झालं. माझा हात मध्ये आला."

सासरेबुवांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात कुठेही मध्ये आला नव्हता. खरं बोलायची हीच वेळ होती. पण त्यांच्या तोंडून निघालं, "असू दे."

जेवताना त्यांनी मिठाची गुळणी धरली होती. बायको जावयाची समजूत घालत होती. "मनाला लावून घेऊ नका हं. गाडीला काही झालं की यांचं असंच असतं. मी एकदा तिच्यावर पिशवी ठेवली होती, तर आठवडाभर धुसफुसत होते." जावई मान खाली घालून मऊ आवाजात म्हणत होता, "चूक माझीच होती, आई." प्रत्येक वेळी तो असं म्हणाला की सासरेबुवा कालवलेला भात पुन्हा कालवायचे. याला कोणी सांगितलं होतं इतकं चांगलं वागायला?

सकाळी उजाडताच दोघं निघाले. ठकी सायकलला नेतेय, की सायकल ठकीला ढकलतेय, ते बघणाऱ्याला कळत नव्हतं. मागचं काही दिसत नव्हतं. आरशात नुसत्या सायकलच्या तारा. गावाबाहेर पडेपर्यंत दोघं हवापाण्यावर बोलले. मग हवापाणी संपलं.

घाट सुरू झाला आणि ठकी धापा टाकायला लागली. अर्ध्या चढावर जळक्या रबराचा वास आला.

"वायर!" सासरेबुवा ओरडले. गाडी कडेला घेऊन त्यांनी बॉनेट उघडलं आणि डोकं आत खुपसलं. वायरी जागच्या जागी होत्या.

"बाबा," मागून मऊ आवाज आला. "जरा इकडे या."

सायकलचं मागचं टायर एका बाजूने वितळून मेणासारखं ओघळलं होतं. दोघं बघत असतानाच आतली ट्यूब फाट्‌कन फुटली.

"हे कसं झालं?" सासरेबुवा म्हणाले.

"सायलेन्सरची धग."

"तुम्हाला काल दिसलं नाही?"

"दिसलं होतं. मी म्हणालोही होतो. तुम्ही म्हणालात, ठकीला मी ओळखतो."

"मग पुन्हा सांगायचं!" सासरेबुवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हात धरून सांगायचं, ओरडून सांगायचं! स्वतःची सायकल जळणार हे दिसतंय, आणि माणूस 'बरं' म्हणून गप्प बसतो? काय माणूस आहात तुम्ही!"

"तुमच्याशी बोलायचं तरी कसं?" जावयाचा आवाज फुटला. तो इतका मोठा निघेल हे त्याचं त्यालाच माहीत नसावं. "लग्न झाल्यापासून मी पाहुणा! जावईबापू या, जावईबापू बसा, जावईबापू अजून थोडं वाढू का! राग आला तर ओठ मिटून घेता, आणि मी घरभर विचारत फिरायचं, माझं काय चुकलं! आणि तो ओरखडा! तो माझा नव्हता, तुमच्या घड्याळाचा होता!"

"माहीत आहे मला!" सासरेबुवा ओरडले. "माझा हात, माझं घड्याळ, मला कळणार नाही? तुम्हाला मध्ये पडायला कोणी सांगितलं होतं? माझी चूक माझ्या नावावर राहू द्यायची ना! तेवढंही माझं मला ठेवू देत नाही तुम्ही!"

"मग जेवताना सांगायचं होतं!"

"सांगणार होतो!"

"कधी?"

तेवढ्यात दुधाची गाडी घेऊन चाललेला एक ड्रायव्हर वेग कमी करून डोकावला. "काय झालं? अपघात का?"

"नाही!" दोघं एकदमच त्याच्यावर खेकसले. तो बिचारा गाडी पळवत निघून गेला.

मग जावई म्हणाला, "तो खालचा पट्टा सोडा. नाही, तो नाही, पलीकडचा. अहो पलीकडचा, बाबा!" पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला मऊपणा गेला होता, आणि सासरेबुवांनी निमूटपणे पलीकडचा पट्टा सोडला. त्यांनी सायकल उलटी करून वर बांधली, मागचं चाक काढलं, आणि जावई ते मांडीवर घेऊन बसला. त्याची पॅंट वंगणाने काळी झाली.

तलावाशी पोचेपर्यंत बाकीचे सायकलवाले कधीच निघून गेले होते. तंबूत दुरुस्तीला बसलेल्या बाईंनी वितळलेलं टायर दोन बोटांत धरून पाहिलं आणि विचारलं, "भाजलंत का हे?" सासरेबुवा पुढे होऊन म्हणाले, "मी भाजलं. याला जोडीचं आहे का?" टायर मिळालं, ट्यूबही मिळाली. जावई सगळ्यांच्या मागून, एकटाच निघाला.

तो दिसेनासा झाल्यावर सासरेबुवांनी बायकोला फोन लावला.

"ऐक. तो ओरखडा माझ्या घड्याळाचा आहे. त्याचा काही दोष नाही."

"मला माहीत होतं," बायको म्हणाली. "जावई कुठे घड्याळ घालतात?"

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते."

सासरेबुवांनी कपाळाला हात लावला. या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि बोलत कोणीच नाही. आणि हे वळण घरात आणलं कोणी, हे त्यांना आता विचारावं लागलं नाही.

दुपारभर सायकलवाले एकेक करून परत येत राहिले. टाळ्या वाजत होत्या, फोटो निघत होते. मग टाळ्या वाजवणारे कमी झाले. फेरी संपते तिथे उभारलेल्या कमानीचे दोर सोडायला माणसं आली. सासरेबुवा त्यांच्यापुढे आडवे उभे राहिले. "थांबा. आमचा एक यायचाय."

"आता कोणी नाही हो काका."

"आहे म्हणतो ना!"

आणि मग वळणावर तो दिसला. डोकं खाली, खांदे डुलतायत, सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत झोकांड्या खातेय. शेवटच्या लहानशा चढावर ती जवळजवळ उभीच राहिली. सासरेबुवा कधी धावत सुटले, हे त्यांना कळलंच नाही.

"अरे, मार ना पाय!" ते त्याच्या बाजूने धावत ओरडत होते. "थांबतोस काय! उतरलास तर बघ! मार, अरे मार!"

"मारतोय ना!" जावई तसाच ओरडला. "डोकं नका खाऊ!"

कमानीखालून तो गेला आणि सायकलसकट गवतावर कोसळला. त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. सासरेबुवा तिथेच बसून त्याच्या पोटऱ्या चोळायला लागले आणि कालपासूनचं सगळं एकदम आठवून दोघांनाही हसू फुटलं. हसताना गोळे आणखी दुखत होते, म्हणून जावई मध्येच कळवळत होता.

परतीच्या वाटेवर त्यांचं पुन्हा जुंपलं. जावयाचं म्हणणं, रॅक कापून लहान केला पाहिजे. सासरेबुवांचं म्हणणं, सायलेन्सरलाच वाकडी नळी जोडावी. "तुम्हाला नकाशातलं कळतं, नळ्यांतलं नाही," जावई म्हणाला. "तू दात काढ, गाडीचं मला सांगू नकोस," सासरेबुवा म्हणाले. उघड्या गाडीत वाऱ्यामुळे दोघांना ओरडूनच बोलावं लागत होतं. घरी पोचेपर्यंत त्यांचं एकमत झालं नव्हतं, आणि बायकोने दार उघडलं तेव्हा दोघं तिच्याकडे न बघताच पाना शोधत मागच्या खोलीत शिरले.