एकेचाळिसावं नाव

नर्सिंग शाळेच्या कार्यालयात त्याला सगळे 'एकपानी' म्हणत. हे नाव चिडवण्यासाठी ठेवलं असतं तरी त्याला ते कळलं नसतं, इतका तो त्या नावावर खूश होता. यादी कितीही लांब असो, तक्ता कितीही रुंद असो, हा बाबा तो एका पानावर बसवून दाखवायचा. तो यायच्या आधी तिथे प्रिंट काढणं म्हणजे शिक्षाच होती. यादी छापायला घातली की नावं एका कागदावर, गुण दुसऱ्यावर, आणि 'शेरा' नावाचा रकाना एकटाच आणखी चार कागदांवर बाहेर पडायचा. कधी कुणाच्या हातून खाली नऊशेव्या ओळीत नुसती एक मोकळी जागा टाइप झालेली असायची, की प्रिंटर इमानेइतबारे वीस कोरे कागद ओकून मोकळा. मग मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या कारकून, पट्टी आणि डिंक घेऊन बसायच्या आणि कागदाला कागद जोडायच्या.

एकपानीने त्यावर मॅक्रो केला. मॅक्रो म्हणजे काय हे तो कुणालाही, विचारो न विचारो, समजावून सांगायचा. "आपण एकदा हाताने जे करतो ते कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी एक बटण दाबायचं, की तो तेच सगळं पुन्हा करतो." पान आडवं, समास अरुंद, मथळा वर, अमक्या ओळीपासून तमक्या ओळीपर्यंत एवढंच छापायचं आणि सगळं एका पानात मावेल इतकं लहान करायचं. त्याने पडद्यावर एक हिरवं बटण बसवलं, आणि मोठ्या बाईंचा डिंक वाळून गेला.

त्याच्याबरोबर आणखीही एक गोष्ट गेली. पूर्वी कुठलीही यादी बाहेर लावायच्या आधी दोघं समोरासमोर बसायचे. एकाने नोंदवहीतून नाव वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर खूण करायची. याला ते पडताळा म्हणायचे. अर्धा दिवस जायचा, घसा कोरडा पडायचा. एकपानीला हसू यायचं. "बाई, मशीन चुकत नाही. चुकतात ती माणसं," तो म्हणाला आणि पडताळा बंद झाला. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनाही अर्धा दिवस वाचलेला हवाच होता, उगाच कशाला खोटं सांगा!

यंदाच्या प्रवेशाला चार महिने झाले तेव्हा त्याला बोलावणं आलं. शेजारच्या इस्पितळाच्या सभागृहात निरनिराळ्या शाळांचे तीसेक कारकून जमणार होते आणि छपाईच्या कटकटी मॅक्रोने कशा सोडवायच्या हे त्याने शिकवायचं होतं. बायकोने शर्टाला दोनदा इस्त्री केली. त्याने नमुना म्हणून यंदाचीच निवडयादी घेतली. भिंतीवरच्या पडद्यावर ती वरपासून खालपर्यंत सरकवून दाखवली, बटण दाबलं, आणि अख्खी यादी एका पानावर येऊन बसली. टाळ्या पडल्या. त्याची छाती फुगली.

दुसऱ्या रांगेतल्या चष्मेवाल्या बाईंनी हात वर केला. "मघाशी तुम्ही यादी खाली नेलीत तेव्हा शेवटचा आकडा एकेचाळीस होता. पानावर चाळीसच आहेत."

एकपानीने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नमुन्याची यादी आहे हो, तिच्यात काहीबाही भरलेलं असतं," तो म्हणाला. लोक हसले. बाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. यादी नमुन्याची नव्हती हे सभागृहात एकट्या त्यालाच माहीत होतं. पुढचा अर्धा तास तो समासांवर बोलत राहिला आणि त्याचे कान गरम होत राहिले.

परत आल्यावर त्याने आधी दार लोटलं आणि मग फाइल उघडली. वरच्या दोन ओळी मथळ्याच्या, त्याखाली नावं. मॅक्रो छापत होता बेचाळिसाव्या ओळीपर्यंत, म्हणजे नेमकी चाळीस नावं. कारण दोन वर्षांपूर्वी त्याने ज्या दिवशी तो केला, त्या दिवशी यादीत चाळीस नावं होती. शाळेत जागाच चाळीस. यंदा मात्र शेवटच्या जागेला दोन मुलींना सारखेच गुण पडले होते आणि नियमाप्रमाणे दोघींना घ्यायचं ठरलं होतं. त्या बैठकीचं टिपण त्यानेच लिहिलं होतं. एकेचाळिसावं नाव त्यानेच टाइप केलं होतं. आणि मग हिरवं बटण दाबून पान फलकावर लावलं होतं.

त्याने हजेरीची नोंदवही काढली. चाळीस मुली आल्या, चाळीस बाकं भरली, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. एकेचाळिसाव्या नावापुढे लिहिलेलं होतं, 'आली नाही'. अक्षर त्याचंच, चांगलं वळणदार.

पण ती आली होती. हे त्याला आठवलं आणि तो खुर्चीत बसल्या बसल्या मेल्याहून मेल्यासारखा झाला. यादी लागली त्या दिवशी दुपारी एक मुलगी खिडकीशी आली होती. बोटांची टोकं काळी, काखेत कापडी पिशवी. तिने विचारलं होतं, "सर, यादीचं दुसरं पान आहे का?"

"आमच्याकडे दुसरं पान नसतं, ताई," तो म्हणाला होता. "नाव असतं तर इथेच दिसलं असतं."

"माझा पेपर खूप चांगला गेला होता, सर."

"सगळ्यांचाच जातो. मग यादी लागते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं होतं. तोही हसला होता. मुलगी थोडा वेळ तिथेच उभी राहिली आणि मग गेली. जाताना फलकापाशी थांबून तिने कागदाची खालची कड बोटाने उचलून पाहिली होती. कागदाच्या मागे आणखी काही आहे का ते ती बघत होती, हे त्याला आज कळलं.

माणूस लाजेने लगेच सुधारतो असं कुणी म्हणत असेल तर त्याने एकपानीचे पुढचे दोन दिवस पाहायला हवे होते. त्याने पहिलं काम काय केलं, तर मॅक्रो दुरुस्त केला. शेवटची भरलेली ओळ आधी शोध आणि मग तिथपर्यंत छाप, एवढंच त्याला सांगायचं होतं. चार मिनिटं लागली. एवढ्या चार मिनिटांसाठी एका मुलीचं वर्ष गेलं होतं. मग त्याने ठरवलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. चार महिने कुणी विचारलं नाही, आता कोण विचारतंय? पण दर वेळी खिडकीशी कुणी उभं राहिलं की तो आधी त्याच्या बोटांच्या टोकांकडे पाहायचा. जेवताना बायकोने "भाषण कसं झालं?" असं विचारलं तर तो तिच्यावरच खेकसला, आणि खेकसल्याची आणखी निराळी लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी त्याने प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. 'तांत्रिक बिघाडामुळे एका उमेदवाराचे नाव यादीत छापले गेले नाही.' तो त्याने आधी मोठ्या बाईंना दाखवला. त्या आपल्या बाजूने बोलतील अशी त्याला आशा होती.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "बिघाड कुठे झाला?"

"मॅक्रोत."

"त्याला चाळीस कुणी सांगितले?"

त्याने अर्ज परत घ्यायला हात पुढे केला.

"नाचता येईना अंगण वाकडं," बाई म्हणाल्या. "अरे, त्या बिचाऱ्याने तू सांगितलंस तेच केलं. लिही पुन्हा. आणि माझंही नाव घाल. पडताळा बंद झाला तेव्हा मी तोंडात मूग धरून बसले होते."

त्याने पुन्हा लिहिलं. या वेळी अर्ज दोन ओळींचा झाला आणि त्याला अख्खी सकाळ लागली. बाईंचं नाव मात्र त्याने घातलं नाही. तेवढी अक्कल त्याला आली होती.

प्राचार्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी अर्ज वाचला, घडी केली, पुन्हा उलगडला आणि पुन्हा वाचला. "पुढच्या तुकडीत पहिली जागा तिची. परीक्षा पुन्हा नाही. तसं पत्र मी आत्ता सही करून देते," त्या म्हणाल्या.

"लगेच टपालाने पाठवतो, मॅडम."

"टपालाने नाही. तुम्ही घेऊन जा."

"मी?"

"खिडकीवर तुम्हीच होतात ना?"

पत्ता एका अरुंद गल्लीतला निघाला. खाली कुलपं दुरुस्त करण्याचं आणि किल्ल्या घडवण्याचं दुकान, वर घर. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा. फळीमागे तीच मुलगी किल्ली कापायच्या यंत्रावर वाकली होती, आणि आतल्या अंगाला तिचे वडील कुलूप उघडून बसले होते. यंत्राच्या कर्कश आवाजात त्यांना बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. एकपानी फळीपुढे उभा राहिला. वाटेत त्याने चांगली सात-आठ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता सापडेना.

तिने मान वर केली आणि यंत्र थांबवलं. "तुम्ही खिडकीवरचे."

"हो," तो म्हणाला आणि पत्र पुढे केलं.

तिने हात पुसून पत्र घेतलं. वाचताना तिचा चेहरा बदलला नाही. ती आता ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडावं असंही वाटलं.

"म्हणजे मी पास झाले होते?"

"हो."

"तेव्हाच?"

"तेव्हाच. चाळिसाव्या मुलीइतकेच गुण होते तुम्हाला. नाव माझ्यामुळे छापलं गेलं नाही. आणि तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी... मी नीट बघायला हवं होतं. मी हसलो. मला माफ करा."

माफीचं तिने जणू ऐकलंच नाही. तिने मागे वळून हाक मारली. "बाबा! अहो बाबा, इकडे या. हे काय सांगतायत ते ऐका."

वडील चिंधीला हात पुसत आले. मुलगी एकपानीकडे वळली. "सांगा ना. मला सांगितलंत तसंच."

त्याने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त जड गेलं. समोर दोन माणसं होती, आणि रस्त्यावरचं एक गिऱ्हाईकही थांबून ऐकत होतं. तुमची मुलगी पास झाली होती, नाव माझ्या चुकीने राहिलं, ती विचारायला आली होती आणि मी तिला परत पाठवलं. एकपानी खाली मान घालून शिव्यांची वाट पाहत उभा राहिला.

"हिने मला तीनदा सांगितलं होतं," वडील शेवटी म्हणाले. ते त्याच्याशी बोलत नव्हते. "बाबा, पेपर चांगला गेला, बाबा, काहीतरी चुकलंय. मी म्हटलं, नापास झालीस तर झालीस, पण खोटं बोलू नकोस."

मुलीने पत्राची घडी घातली आणि ते पिशवीत नीट ठेवलं. मग पायांत चपला सरकवल्या.

"चला," ती एकपानीला म्हणाली.

"कुठे?"

"वर आई आहे. मग दोन घरं सोडून काकू. मग कोपऱ्यावरचे शिंपी. त्यांनी दुकानभर माणसांसमोर मला विचारलं होतं, काय झालं गं तुझ्या नर्सिंगचं? तिथे जरा मोठ्याने सांगा."

ती रागावली नव्हती. उरलेली कामं सांगावीत तसं सांगत होती, पण तिचे डोळे भरून आले होते. एवढ्या घरांत जायचं म्हटल्यावर एकपानीने गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. पत्र दिलं, माफी मागितली, की आपण सुटलो, असं तो वाटेत धरून चालला होता. त्याने मान डोलावली आणि तिच्या मागे निघाला.

"थांब गं," वडिलांनी हाक मारली. ते दुकानाचं शटर खाली ओढत होते आणि ते अर्ध्यावर अडकलं होतं. "मीपण येतो. ही नापास झाली म्हणून गल्लीभर सांगत मीच सुटलो होतो."