‘नेक्स्ट’चा मान

म्हसवडच्या स्टँडसमोर दुकान टाकल्यापासून दहा वर्षांत अर्फा मुलाणीनं शेकड्यानं कम्प्युटर जोडले असतील, त्यांत सिस्टिम टाकली असेल. पण ‘नेक्स्ट’ दाबायलासुद्धा मानकरी लागतात, हे तिला कळलं ते आपल्याच गावात, पिंपळखडीत, भैरोबा देवस्थान ट्रस्टच्या ऑफिसात.

पिंपळखडीत प्यायचं पाणी टँकरनं येतं, पण मान घरोघरी रांजण भरून आहे. पालखीचा पुढला दांडा कुणाचा, मागला कुणाचा, देवावर छत्री कुणी धरायची, यावरून इथं सख्खे भाऊ दोन-दोन वर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत. लग्नाला गेले तर नारळ कुणाला आधी दिला हे मोजतात आणि जेवणाला नावं ठेवत घरी येतात. अर्फाला या सगळ्याचं लहानपणापासून हसू यायचं. एका ठिकाणी मात्र यायचं नाही, आणि ते ठिकाण म्हणजे तिचे अब्बा.

पालखीपुढं तेलाची दिवटी धरायचा मान मुलाण्यांचा. अब्बांनी, म्हणजे याकूबभाईंनी, तो चाळीस वर्षं सांभाळला. दिवटीच्या झळेनं त्यांच्या उजव्या हातावरचे केस कायमचे गेले. सात वर्षांपूर्वी ट्रस्टचे अध्यक्ष उदयसिंह यांनी पालखीपुढं ट्रॅक्टर आणला, त्यावर जनरेटर ठेवला, जनरेटरवर चार फोकस लावले आणि म्हणाले, “आता दिवटीचं काय काम हाय?” याकूबभाई म्हणाले, “काम नसंल, पर मान हाय. यादीत बघा.”

आता ही याद म्हणजे मोडीतला एक जुना कागद. कुणाचा मान कितवा, हे त्यात ओळीनं लिहिलेलं. मूळ कागद वाळवीनं खाल्ला. पण त्याआधी ट्रस्टच्या जुन्या मास्तर सेक्रेटरींनी त्याचा फोटो काढून, शेजारी देवनागरीत उतरवून ऑफिसच्या कम्प्युटरात ठेवला होता. नंतर मास्तर वारले आणि कम्प्युटर बंद पडला. तेव्हापासून दर जत्रेला याकूबभाईंना एकच उत्तर मिळायचं, “याद कम्प्युटरात हाय आन् कम्प्युटर बंद हाय.” अर्ध्या तासावर अर्फाचं दुकान होतं. तिनं फुकट दुरुस्त करून देते म्हणून तीनदा निरोप धाडला होता. पण झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

यंदा शेजारच्या गावच्या देवळानं नवा कम्प्युटर घेतला आणि पिंपळखडीला एकदम जाग आली. आपल्याही देवाला पाहिजे. काम अर्फाकडं आलं.

तिनं जुना डबा दुकानात उघडून पाहिला. फक्त वीज पुरवणारा भाग जळला होता. सात वर्षं ज्याच्या नावानं खडे फोडले तो बिघाड पंधरा मिनिटांचा होता. आतली डिस्क ठणठणीत होती आणि डिस्कवर याद. अर्फानं ती काढून नव्या कम्प्युटरात दुसरी डिस्क म्हणून बसवली. त्याआधी सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. हा तिचा नेमच होता. गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावायच्या आधी नक्कल घ्यायची, मग पुढचं.

“अब्बा, आत्ताच छापून देते,” ती म्हणाली होती.

“नगं,” याकूबभाई म्हणाले. “मुलाण्याच्या दुकानात छापलेला कागद मुलाण्यानंच रचला म्हनत्याल. त्यांच्या यंत्रातनं, त्यांच्या डोळ्यांदेखत निगू दे. न्हाईतर सात वर्सं बसलो काय आन् उटलो काय, सारखंच.”

जत्रा आठ दिवसांवर आली होती. याकूबभाईंना बहात्तरावं चालू होतं. पुढच्या जत्रेला ते विचारायला असतील की नाही, हे अर्फाला माहीत नव्हतं, आणि त्यांनाही.

सकाळी दहाला ती ऑफिसात पोचली तर मॉनिटरला झेंडूचा हार. हवा आत जायची जाळी हळदी-कुंकवानं लिंपलेली. तिनं ते मुकाट पुसलं, सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावला, पहिला पडदा आला, आणि ती माऊसला हात घालणार तेवढ्यात उदयसिंह खाकरले.

“थांब पोरी. पैली कळ अध्यक्षाची.”

मग तिथंच ठरलं. भाषेचा पडदा उदयसिंहांचा, कराराचा पडदा नगाऱ्याचे मानकरी सयाजींचा, डिस्कचा पडदा पुढल्या दांड्याच्या आप्पासोंचा, आणि मशीन बंद होऊन चालू झालं की येणारा देश निवडायचा पडदा मागल्या दांड्याच्या नानासोंचा. ज्यांच्या घरात नातवंडं रिमोटसुद्धा हाती देत नाहीत, ती माणसं फेटे सावरून एकेक करून खुर्चीवर बसू लागली. सयाजींनी तो अख्खा इंग्रजी करार न वाचता मान्य केला आणि भोवतालच्यांना हात जोडले. आप्पासोंनी अर्फाच्या बोटाच्या रोखानं वरची ओळ, नव्या डिस्कची, धरली. त्या नव्या डिस्कवर दुकानातल्या चाचणीची घाण होती, म्हणून तिनं त्यांना ‘डिलीट’ दाबायला लावलं, मग ‘नेक्स्ट’. नानासो पाठीमागून मान उंचावून सगळं बघत होते.

अर्ध्या तासानं देशाचा पडदा आला, नानासो खुर्चीत टेकले, आणि दारात खांद्यावर घोंगडं टाकलेले बिराप्पा मेटकरी उभे राहिले. ज्या घोंगड्यावर देव बसतो ते यांचं. मेंढरं वाड्यात घालून यायला त्यांना उशीर झाला होता.

“माजा मान?” बिराप्पा म्हणाले.

“अजून दोन-तीन पडदे हायत की,” उदयसिंह म्हणाले. “नानासोच्या मागनं बस.”

“मागनं? आवं, घोंगडं अंथरल्याबिगर देव बसतोय का? देव बसल्याबिगर दांडा उचलत्यात का? माजा मान आप्पासोच्या म्होरं हाय. मागं बसलो तर उद्या जत्रंत मागंच ढकलशिला.”

अर्फा म्हणाली, “बिराप्पा, हे पुढचे-मागचे पडदे म्हणजे काय पंगत न्हाई. सिस्टिम टाकून झाली.”

“मग पुन्यांदा टाक.”

आणि ट्रस्टनं तसा ठराव केला. अनुमोदन सयाजींनी दिलं, कारण आणखी एकदा खुर्चीत बसायला मिळत होतं. अर्फाच्या तोंडाशी काय काय आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण तिला कागद हवा होता. दात आवळून तिनं मशीन बंद केलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. भाषा, उदयसिंह. करार, बिराप्पा. त्याच्या पुढचं नुसतं ‘होय’ म्हणायचं बटण सयाजींना देऊन त्यांची बोळवण केली. डिस्कचा पडदा आला.

तेवढ्यात तिला आठवलं की बाहेर पायरीवर बसलेल्या अब्बांची शुगरची गोळी राहिली आहे. “कुणी हात लावू नका, आलेच,” म्हणून ती बाहेर गेली. याकूबभाईंच्या हाताला हल्ली कंप होता. गोळी दोनदा खाली पडली. ती उचलून, पुसून, पाणी पाजून यायला पाच मिनिटं लागली असतील.

त्या पाच मिनिटांत आत असं घडलं. आप्पासोंनी वरची ओळ धरून डिलीट दाबलं. तेव्हा नानासोंना दिसलं की खाली आणखी एक ओळ आहे.

“ही कुनाची?” नानासो म्हणाले. “वरली पुढल्या दांड्याची, तर खालली मागल्या दांड्याची. पुढला उचलला आन् मागला तसाच ठेवला तर देव पडंल का न्हाई?”

हा युक्तिवाद तिथल्या एकाही डोक्याला वावगा वाटला नाही. नानासो बसले. त्यांनी खालची ओळ धरली, डिलीट दाबलं, यंत्रानं खात्री आहे का म्हणून विचारलं तर खात्री आहे म्हणून सांगितलं, आणि मागच्या वेळी पाहिलं होतं तसं ‘नेक्स्ट’ दाबून टाकलं.

अर्फा आत आली तेव्हा जुन्या डिस्कवर नवी सिस्टिम उतरत होती. आकडा चाळीस टक्क्यांवर होता.

“कुणी केलं हे?”

“आमी,” नानासो अभिमानानं म्हणाले.

“जुनी डिस्क पुसली तुमी. त्यात याद होती.”

क्षणभर कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मग पडला. “म्हंजी नगाऱ्याची ओळ?” सयाजी म्हणाले. “ती बी गेली.” “आन् घोंगड्याची?” “ती बी.” मग एकच कल्ला झाला. आप्पासो नानासोंवर धावले, नानासो बिराप्पांवर, बिराप्पा सगळ्यांवर. मानासाठी भांडता भांडता मानाचा पुरावाच स्वतःच्या हातानं पुसून बसले होते, आणि तरी कुणाचं बोट आधी लागलं यावरच जुंपली होती.

एकटे उदयसिंह शांत होते. शांत कसले, खूश होते. “जाऊ द्या. देवाची मर्जी,” ते म्हणाले. “बसून नवी याद करू. सर्वसंमतीनं. आजच्या काळाला धरून.” नव्या यादीत पहिली ओळ कुणाची असणार आणि दिवटीची असणारच नाही, हे कळायला अर्फाला ज्योतिषी लागत नव्हता.

तिच्या पिशवीत नकलेचा पेनड्राइव्ह होता. पण तो मुलाण्याच्या पोरीच्या पिशवीत होता. आत्ता बाहेर काढून “ही घ्या याद” म्हटलं असतं, तर पहिल्या ओळीला सगळ्यांनी मिळून खोटी म्हटलं असतं. तिनं पिशवीला हात लावला नाही. सिस्टिम उतरू दिली. उरलेले पडदे तिनं एकटीनं दाबले. आता मानाची आठवण कुणाला राहिली नव्हती. कम्प्युटर सुरू झाला, प्रिंटर जोडला, तेव्हा ती म्हणाली, “माझ्याकडं नक्कल असावी. पर खरी का खोटी ते तुमीच सांगायचं. एकेक ओळ वाचते, ज्याची त्यानं ओळखायची.”

पेनड्राइव्ह लागला. पडद्यावर पिवळ्या कागदाचा फोटो आला. मोडी त्या खोलीत कुणाला येत नव्हती, आणि शेजारचं मास्तरांचं बारीक अक्षर वाचायला चष्मा कुणी आणला नव्हता. अर्फानं खालून सुरुवात केली.

“सहा नंबर. नगारा, सयाजींचं घराणं. पालखीतळावर तीन टिपऱ्या आधी द्यायच्या.”

“आरं व्हय,” सयाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. “तीन टिपऱ्या. आमच्या आज्ज्याचं बोल हायत ह्ये. खरी हाय.”

“पाच नंबर. छत्री, उदयसिंहांचं घराणं.”

“पाच?” आप्पासो म्हणाले, आणि इतका वेळ भांडणारे सगळे एकदम गोड हसले.

“खरं का, अध्यक्ष?” अर्फानं विचारलं.

उदयसिंहांची पंचाईत झाली. खोटं म्हणावं तर छत्री जाते, खरं म्हणावं तर पहिला नंबर. छत्री हातातली होती. “ओळ खरी हाय,” ते भिंतीकडं बघत म्हणाले.

“चार नंबर. मागला दांडा, नानासोंचं घराणं.” खरी. “तीन नंबर. पुढला दांडा, आप्पासोंचं घराणं.” खरी, अगदी खरी. “दोन नंबर. घोंगडं, मेटकऱ्यांचं.” बिराप्पांनी मांडीवर थाप मारली. “बगा, मी काय म्हनत हुतो?”

“म्हणजे कागद खरा,” अर्फा म्हणाली. “पाच जणांनी सांगितलं. आता एक नंबर. दिवटी. मुलाण्यांचं घराणं. दिवटी पेटल्याखेरीज घोंगडं अंथरू नये.”

सयाजी पायाचा अंगठा बघू लागले. उदयसिंह म्हणाले, “ही ओळ जरा तपासून घ्याया लागंल. नकलंत काय बी होतंय.”

तेव्हा बिराप्पा उठले. त्यांचा आणि याकूबभाईंचा काही घरोबा नव्हता. एकदा बांधावरच्या बाभळीवरून तर चांगलीच वाजली होती. पण मेंढरं मोजणाऱ्या माणसाला एवढं कळत होतं.

“आमची ओळ दोन नंबरची, हे आत्ता समद्यांनी कबूल केलं,” बिराप्पा म्हणाले. “दोन नंबर हाय म्हंजी एक नंबर कुनाचा तरी हाय. पैली ओळ खोडली तर दुसरी कशाच्या मागं लावायची? छापा.”

उदयसिंह फेटा सावरत खुर्चीकडं निघाले. “बरं, छापू. पर प्रिंटची कळ अध्यक्षाच्या हातानं.”

ते पोचायच्या आत अर्फानं ती दाबली.

“आता बाहेर व्हा सगळे,” ती म्हणाली. “सिस्टिम चुकीच्या डिस्कवर बसलीय. तिसऱ्यांदा टाकायचीय, आन् या वेळी दार लावून.”

कागद घेऊन ती आधी पायरीवर गेली. याकूबभाईंनी तो वाचला नाही. नुसता हातात धरला.

“त्यांच्या यंत्रातनं?”

“व्हय अब्बा. त्यांच्या डोळ्यांदेखत.”

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. “पर माज्या हातात आता दिवटी ठरायची न्हाई गं. पडंल कुनाच्या तरी अंगावर. यंदा तू धर.”

मान म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे अर्फा गेली वीस वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. अब्बांनाही सांगितलं होतं. आत्ताही सांगायला तिनं तोंड उघडलं. आतून आप्पासो-नानासोंचा आवाज येत होता. पहिली झेरॉक्स कुणाला, यावरून पुन्हा जुंपली होती.

ती खाली पायरीवर बसली.

“तेल किती लागतं, अब्बा?” तिनं विचारलं.