न जाळलेला पाला

मोहफुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायचा, हा आमच्याकडचा नेम. जमीन साफ झाली की फुलं दिसतात. पण जुनी माणसं आणखी एक कारण सांगत. न जाळलेल्या पाल्यात एक बोलणारं येऊन बसतं. त्याला स्वतःचा आवाज नसतो. जवळ येईल त्याचा ते घेतं.

फागुन लागताच इतवारी पाला जाळायला गेला आणि मुका होऊन परतला. मग तापानं फणफणला, आणि गेला. तेरावं झाल्यावर त्याची बायको सोनीबाई काडेपेटी घेऊन झाडाखाली आली. पाला सळसळला.

"सोने, जेवली का?"

आवाज इतवारीचाच. तिनं काडेपेटी कमरेला खोचली. तिचा आवाज मात्र पाल्यातल्या त्या बोलणाऱ्यानं घेतला नाही. पाला राखायला त्याला कोणीतरी हवंच होतं.

मग ती रोज पहाटे पाल्याच्या कडेला येऊन बसू लागली आणि रिकामी टोपली घरी नेऊ लागली. हा आपला माणूस नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इतवारीनं जेवण कधी विचारलं नव्हतं. पण मूलबाळ नसलेल्या त्या घरात तिला दुसरं विचारणारं कोण होतं?

शेजारच्या झाडाखाली लटारूची बायको भागीरथा फुलं वेचायची.

"काय वो सोनीबाई, फुलं अस्वलासाठी ठेवून राह्यली का? त्याच्यासंग पाट लावाचा हाय का?"

हसत हसत ती पाल्यात शिरली. तोंड हसतच राहिलं, आवाज गेला. हसू पाल्यातून ऐकू आलं.

लटारू पेटती चूड घेऊन धावत आला. सोनीबाई आडवी उभी राहिली.

"सरक बाई. पाला जळला का आवाज जिचा तिले भेटते."

"मले ठाऊक हाय."

"मंग काऊन अडवून राह्यली?"

"तुह्या बायकोले घसा हाय, भाऊ. माह्या माणसाचा आवाज कुठी जाईन?"

लटारूच्या मागं भागीरथा उभी होती. रडत होती, पण रडण्याचाही आवाज येत नव्हता. सोनीबाई तिच्याकडं बघत राहिली.

"दे इकडं," ती लटारूला म्हणाली. "आग तू लावली तर मी तुह्याशी जन्मभर बोलणार नाई."

तिनं चूड पाल्याला टेकवली. आग सरसर पसरली. पाला ओरडला नाही, खोकला. इतवारी धुरानं खोकायचा तसाच. सोनीबाई आगीकडं धावली. लटारूनं तिचा दंड धरून ठेवला.

राख झाल्यावर भागीरथानं घसा खाकरला.

"बाई, आमच्या घरी चाला. भात टाकतो."

"तुमी व्हा पुढं."

ती दोघं गेली. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. सोनीबाईनं ते मोठ्यानं घेतलं, आणि राखेकडं कान देऊन थांबली. मग लटारूचं घर लागणार नाही अशा लांबच्या वाटेनं ती घरी गेली.