पाय कापून पुरलेला माणूस

अभिमन तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण परवा त्याने आपल्याच पोराचा, ललितचा, पासपोर्ट दादर ज्वारीच्या कोठीत खुपसला आणि वर साळसूदपणे त्याच्यासोबत घरभर शोधूही लागला. ललितला मस्कतला वेल्डरची नोकरी लागली होती. विमान शुक्रवारी. बायको गेल्यापासून घरात दोघंच. त्यातला एक गेल्यावर भाकरी कुणासाठी थापायची, हेच अभिमनला कळत नव्हतं.

बुधवारी तो शिंदखेड्याजवळच्या टेकाडावर कामाला गेला. तिथे पुण्याच्या मृणालीताई साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव उकरत होत्या आणि अभिमनच्या हलक्या हातावर त्यांचा फार भरवसा. त्या दिवशी त्याच्या कुंचल्याखाली एका घराच्या जमिनीतून माणसाचा सांगाडा वर आला. पण घोट्यापर्यंतच, पुढे नुसती माती.

"ताई, याना पाय कोठे शेतस?"

"कापलेत, आबा. माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून घरातच पुरायचे आणि पाय कापायचे, असं आम्हाला वाटतं."

अभिमनचा ऊर भरून आला. इतक्या जुन्या लोकांचाही जीव आपल्यासारखाच तुटत होता तर! मग एकाएकी त्याने मान वर करून विचारलं,

"जिता व्हता तवय कापात का?"

"छे हो! मेल्यावर. जिवंतपणी हिंडला असेल खुशाल. गळ्यातला मणी बघा, समुद्रातल्या शंखाचा. याने आणला की दुसऱ्या कुणी, देव जाणे. पण कुणीतरी तिथवर गेलं होतंच ना?"

अभिमनने कुंचला खाली ठेवला. त्या लोकांनी निदान मरेपर्यंत दम धरला होता. आपल्याला तेवढंही जमलं नाही, याची त्याला भयंकर लाज वाटली. अर्ध्या दिवसाची रजा मागून तो घरी आला.

ललित गादी उसवायच्या बेतात होता. अभिमनने कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि पासपोर्ट काढून त्याच्यापुढे धरला.

"मीच दपाडेल व्हता."

बापावर ओरडावं की रडावं, ललितला ठरवता येईना. पासपोर्टवरची धूळ पुसत तो म्हणाला, "आबा, दोन वरीस मले येता येवाव नही."

"जाय तू." अभिमनने कोठीचं झाकण लावलं. "पन मी मराना पहिले ये."